पैसे सापडले, पण नाव?

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देऊन टाकते. दुपारची भांडीकुंडी आवरली, सासूबाईंचा डोळा लागला, की मी रहस्यकथा घेऊन बसते. बी.ए. झालेली, तासिकांवर का होईना पण शाळेत शिकवणारी बाई खुनांची पुस्तकं वाचते म्हटल्यावर कुणाकुणाच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. ही गोडी मला आईकडून आली. लग्नात तिनं जी ट्रंक आणली, तिच्या तळाशी शालूच्या खाली बाबूराव अर्नाळकरांची पाच-सात पुस्तकं होती. पानं पिवळी पडलेली, कव्हरं गेलेली. धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड ही मंडळी मला आईच्या त्या ट्रंकेत भेटली.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली वारलेल्या या माणसानं हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आमचं बडनेरा म्हणजे जंक्शन. मुंबई-नागपूरच्या गाड्या इथं थांबणार आणि अमरावतीचा फाटाही इथूनच फुटणार. आई सांगते, गाडीला उशीर झाला की तिच्या वडिलांच्या हातात पेपर आणि तिच्या हातात रहस्यकथा. पुस्तक संपेपर्यंत गाडी येऊ नये असं तिला वाटायचं!

त्या गोष्टींत गुन्हेगार सापडला, हातकड्या पडल्या, की पुस्तक मिटायचं. पुढं काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पाडला एका इंग्रज बाईच्या पुस्तकानं, आणि आमच्या शाळेत घडलेल्या एका गोष्टीनं. आज तुम्हाला या दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.

सोमलाचा खटला

नागपूरला बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ते पुस्तक मिळालं. 'स्ट्राँग पॉयझन', म्हणजे जहाल विष. लेखिका डोरोथी सेयर्स, साल १९३०. अगाथा ख्रिस्ती आपल्याकडं घरोघर माहीत आहे. ही तिच्याच काळातली, पण आपल्याकडं फारशी कुणी न वाचलेली बाई.

पुस्तक सुरू होतं ते थेट कोर्टात. पिंजऱ्यात उभी आहे हॅरिएट वेन. वय तिशीच्या आसपास, आईवडील नाहीत, स्वतःच्या लेखणीवर पोट भरणारी. आणि लिहिते काय, तर रहस्यकथाच! आरोप असा, की तिनं फिलिप बॉइस नावाच्या लेखकाला सोमल घालून मारलं.

हा फिलिप लग्नसंस्थेच्या विरुद्ध. लग्नावर आपला विश्वास नाही, असं सांगून त्यानं हॅरिएटला लग्नाशिवाय सोबत राहायला राजी केलं. तिच्या मनाला ते पटत नव्हतं, पण त्याच्या तत्त्वाखातर तिनं जगाची बोलणी सोसली. आणि वर्षभरानं हा म्हणतो, चल, आता लग्न करू! म्हणजे ते तत्त्व वगैरे काही नव्हतं. आपल्यासाठी ही किती खाली वाकते, याची ती परीक्षा होती. हॅरिएट संतापली आणि निघून गेली.

मैत्रिणींनो, इथं मी पुस्तक मिटून विचार करत बसले. आपल्यापैकी कितीजणींना ही गोष्ट कळली असती? "अगं, करतो म्हणतो ना लग्न, मग सोडून काय गेली?" असंच आपण म्हटलं असतं. कोर्टातही सगळे तेच म्हणतात. त्यात तिनं खोट्या नावांनी सोमल विकत घेतलेला. का, तर नव्या कादंबरीत विषाचा खून दाखवायचा होता आणि सोमल किती सहज मिळतो ते बघायचं होतं. त्या रात्री फिलिप तिच्याकडं कॉफी पिऊन गेला आणि नंतर तडफडून मेला. झालं! जी बाई लग्नावाचून राहू शकते, ती विषही घालू शकते. न्यायाधीशांच्या बोलण्याचा रोखही तोच.

तिकडं त्या वेळी ज्युरीची पद्धत होती. साध्या नागरिकांतून बारा जण निवडायचे आणि दोषी की निर्दोष ते त्यांनी एकमतानं ठरवायचं. आपल्याकडंही ज्युरी असायची. १९५९च्या नानावटी खटल्यात ज्युरीनं आठ विरुद्ध एक असा कौल दिला होता, हे तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडात १९१९च्या कायद्यानं बायकांनाही ज्युरीत बसता येऊ लागलं. हॅरिएटच्या ज्युरीत अशीच एक बाई आहे, मिस क्लिंपसन. वय झालेली, लग्न न झालेली, चर्चला नेमानं जाणारी, पत्र लिहिताना शब्दाशब्दाखाली रेघा मारणारी. कुणीही हसावं अशी. पण ती अडून बसते. सगळे पुरावे ऐकले, पण पिंजऱ्यातल्या मुलीकडं बघून मला ते पटत नाही, म्हणते. लोक वैतागतात, घड्याळं बघतात. ही हलत नाही. एकमत होत नाही म्हटल्यावर न्यायाधीशांना खटला पुन्हा चालवायला सांगावं लागतं. हॅरिएटला एक महिना मिळतो.

त्या महिन्यात खरा खुनी शोधणारा गुप्तहेर म्हणजे लॉर्ड पीटर विम्झी. सरदार घराण्यातला, एका डोळ्याला चष्म्याची काच लावणारा, वरवर बघितलं तर नुसता गप्पिष्ट. कोर्टात बसल्या बसल्या तो हॅरिएटच्या प्रेमात पडतो आणि तुरुंगात तिला भेटून पहिल्याच भेटीत लग्नाची मागणी घालतो. तपास कसा लागतो ते सांगून मी तुमची मजा घालवणार नाही. पण माझं मन गुंतलं ते लॉर्डसाहेबांत नव्हे, मिस क्लिंपसनमध्ये. कारण वाचता वाचता मला आमची शिक्षक-खोली दिसायला लागली होती.

आमची शिक्षक-खोली

शाळेचं नाव मी घेत नाही. चुकीतला माझा वाटा मात्र सांगणार आहे.

गेल्या हिवाळ्यात मुलांची चिखलदऱ्याची सहल ठरली. जमलेल्या पैशांचं एक पाकीट शिक्षक-खोलीतल्या कपाटातून नाहीसं झालं. अठराशे चाळीस रुपये. मोठी रक्कम नव्हे, पण पैसे मुलांचे. अर्ध्या तासात संशय ठरूनही गेला. आमच्याकडं झाडलोट करणारी, पाणी भरणारी एक मावशी होती. नवऱ्यानं टाकलेली. एका मुलीला घेऊन जुन्या वस्तीत राहायची. तिच्याकडं कुणी एक माणूस येतो-जातो, अशी कुजबुज. बस, तेवढं पुरलं. "अशा बाईचा काय भरवसा?" हे वाक्य कुणी आधी म्हटलं ते आठवत नाही, पण सगळ्यांच्या माना हलल्या.

आता नीट ऐका. ज्या मधल्या सुट्टीत ते पाकीट गेलं, त्या वेळी मावशी मैदानाच्या टोकाला हातपंपावर पिंप भरत होती. माझ्या डोळ्यांदेखत. मी तिथंच झाडाखाली वह्या तपासत बसले होते. घंटा झाल्यावर आम्ही दोघी बरोबरच आत आलो. हे फक्त मला माहीत होतं.

आणि मी बोलले नाही.

का नाही बोलले? तासिकांवर काम करणारी मी. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याचा भरवसा नाही. त्यात मनाला समजूत घातली, की उघड आरोप कुठं कुणी केलाय! नुसत्या किल्ल्या तर काढून घेतल्या. चार दिवसांनी "उद्यापासून येऊ नको" म्हणून सांगितलं, तेव्हाही मी मान खाली घालून उत्तरपत्रिका तपासत होते.

बाराव्या दिवशी ते पाकीट जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडलं. घाईत कुणीतरी तिथंच सरकवलेलं. सगळे हसले. "चला, मिळाले एकदाचे!" म्हणून कुणी चहा सांगितला. मावशीला निरोप गेला, ये म्हणून. ती आली नाही. डाळ मिलमध्ये कामाला लागली होती.

एकदा बाजारात दिसली. मी म्हटलं, "मावशी, पैसे सापडले बरं का." मेथीची जुडी निवडता निवडता ती म्हणाली, "पैसे त सापडले बाई. पण माहं नाव कुठी सापडलं?"

त्यानंतर महिन्याभरानं मी मिस क्लिंपसनची गोष्ट वाचली. आता कळलं ना, पुस्तक मिटून का बसावं लागलं?

यात ख्रिस्ती ते काय?

तुम्ही म्हणाल, ही तर इंग्रजांची नेहमीची खुनाची कादंबरी. मग या पुस्तकांना ख्रिस्ती रहस्यकथा कशाला म्हणतात?

सेयर्सबाईंचा जन्म १८९३ सालचा, ऑक्सफर्डचा. वडील धर्मोपदेशक. पुढं त्यांनी येशूच्या चरित्रावर बारा श्रुतिका लिहिल्या आणि १९४१-४२मध्ये, ऐन महायुद्धात, त्या बीबीसी रेडिओवरून सादर झाल्या. येशूच्या तोंडी रोजची बोली घातली म्हणून आधी केवढा गदारोळ झाला! १९४३ साली कँटरबरीच्या मुख्य धर्मगुरूंनी त्यांना धर्मशास्त्रातली डॉक्टरेट देऊ केली. बाईंनी ती नम्रपणे नाकारली.

असं असून त्यांच्या कादंबऱ्यांत प्रवचन नाही. पीटर विम्झी मोठासा श्रद्धाळूही नाही. त्याला कधीतरी पक्का ख्रिस्ती करा ना, असं वाचक सुचवायचे. तो तसा होणं शक्यच नाही, असं त्या सांगून टाकत. धर्म येतो तो मिस क्लिंपसनसारख्यांच्या वागण्यात. खुनाच्या तपासासाठी तिला एका नर्सचा विश्वास मिळवायचा असतो आणि त्या नर्सला नाद प्लँचेटचा. (आपल्याकडंही एके काळी केवढं होतं हे प्लँचेटचं वेड!) मिस क्लिंपसन आत्मे बोलावण्याचं सोंग करते. निष्पाप मुलीचा जीव वाचवायचा आहे, पण त्यासाठी खोटं बोलावं लागतंय, धर्माला नामंजूर असलेलं काही करावं लागतंय, आणि ते तिला डाचत राहतं. काम तर ती करते, पण मनाला ते बरोबर आहे असं सांगत नाही.

याच वाटेनं आधी गेले होते चेस्टरटन. त्यांचा फादर ब्राउन १९११ साली पुस्तकातून आला. बुटका, गोल चेहऱ्याचा पाद्री, हातात मोठी छत्री. लोकांच्या पापांच्या कबुल्या ऐकून ऐकून याला माणसाचं मन कळलेलं. गुन्हेगाराला तो बाहेरून हेरत नाही. आपण स्वतः त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, असा विचार करत आत शिरतो. त्याला भेटलेला फ्लॅम्बो नावाचा अट्टल चोर पुढं सुधारतो आणि स्वतःच गुप्तहेर होतो.

आपल्याकडं ख्रिस्ती साहित्य म्हटलं, की लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवतात. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती 'यमुनापर्यटन' हीसुद्धा एका ख्रिस्ती लेखकाचीच. लेखक बाबा पदमनजी, साल १८५७. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झालेला. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव हिंडतात आणि विधवांचे हाल बघतात. पुढं विनायक मरतो, यमुनेच्याच कपाळी वैधव्य येतं. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे, गोष्टही अधूनमधून अडखळते. त्यात गुप्तहेर नाही की खून नाही. पण मला तर तोही एक तपासच वाटतो. गुन्हा डोळ्यांदेखत चाललेला, जिच्यावर होतो तीच दोषी ठरलेली. नवरा मेला तर बाई पांढऱ्या पायाची, नवऱ्यानं टाकलं तर बाईतच खोट. १८५७ची यमुना, १९३०ची हॅरिएट आणि आमची मावशी, तिघींवरच्या फिर्यादीचा मसुदा एकच!

आता ख्रिस्ती म्हणजे काय, ते माझ्या शब्दांत सांगते. कायदा गुन्हा बघतो. मावशीचं काम गेलं त्यात मी कोणता गुन्हा केला? कोणत्याच कलमात मी बसत नाही. पण मिस क्लिंपसन संध्याकाळी गुडघे टेकून दिवसाचा हिशेब करते, तसा मी केला असता तर पहिल्या ओळीला काय लिहिलं असतं? हा हिशेब काही एकाच धर्माच्या मालकीचा नाही. देवापुढं निरांजन लावताना आपल्याही मनात तो येतो. फक्त आपण वात सारखी करतो आणि उठतो.

उपकार आणि प्रेम

आता वळू या प्रेमाकडं. पीटर हॅरिएटला फासावरून सोडवतो. कुठल्याही सिनेमात पुढच्या रिळात त्यांचं लग्न लागलं असतं. इथं ती नाही म्हणते!

ती त्याला पुढची पाच वर्षं नाही म्हणत राहते. तो मधूनमधून विचारतो, हट्ट न करता, जवळजवळ थट्टेच्या सुरात. तिचं नाही कायम. तिला तो आवडत नाही का? आवडतो. पण ज्यानं आपला जीव वाचवला, त्याच्याशी बरोबरीनं संसार कसा करायचा? प्रत्येक भांडणात आपणच आधी गप्प बसायचं, कारण आपण देणेकरी!

एक विचारू? आपल्या संसारात हे नाही का? "हुंडा न घेता केली हो तिला." "माहेरी काय होतं तिच्या?" "शिकू दिलं आम्ही लग्नानंतर." असे किती उपकार किती सुनांच्या डोक्यावर आयुष्यभर असतात. बाई वरणाला फोडणी देते, सणवार करते, हसतेसुद्धा. पण बरोबरीनं बोलत नाही. कृतज्ञता चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्यावर सबंध संसार उभा केला, तर एका बाजूनं कललेला राहतो.

हे कोडं सुटतं ते 'गॉडी नाइट' या १९३५च्या कादंबरीत. खून नाही, तरी पान सुटत नाही. ऑक्सफर्डमधलं बायकांचं कॉलेज. तिथल्या विदुषींना कुणीतरी घाणेरडी निनावी पत्रं पाठवतंय, लेखनाची नासधूस करतंय. हॅरिएट तपासाला येते. आणि तिच्यासकट सगळ्यांचा पहिला संशय कुणावर? लग्न न केलेल्या शिकलेल्या बायकांवरच. संसार नाही, म्हणून डोक्यावर परिणाम झाला असणार! जी स्वतः अशाच समजुतीपायी फासापर्यंत जाऊन आली, तीही तीच चूक करते. संशय असा असतो, मैत्रिणींनो. आपण त्यातून पोळून निघालो, तरी तो आपल्याला सुटत नाही.

पीटर इथं काय करतो? तिला धोका आहे हे ठाऊक असून तिला कामावरून मागं ओढत नाही. गळा आवळायला कुणी आलं तर कसं सोडवून घ्यायचं, ते शिकवतो. तिच्या कादंबरीतली चूक तोंडावर सांगतो, गोड बोलत नाही. शेवटी एका रात्री ऑक्सफर्डच्या रस्त्यावर तो पुन्हा विचारतो. पदवीदानाच्या समारंभात संमती विचारण्याची तिथली जी जुनी लॅटिन रीत आहे, त्या रीतीनं. एका पदवीधरानं दुसऱ्या पदवीधराला विचारावं तसं. आणि या वेळी ती हो म्हणते.

या लॅटिन शब्दांमागं लेखिकेचं स्वतःचं आयुष्य आहे. सेयर्सबाई १९१५ साली तिथं पहिल्या वर्गात पास झाल्या, पण बायकांना पदवी द्यायची नाही असा विद्यापीठाचा नियम. तो १९२० साली बदलला आणि पदवी घेणाऱ्या पहिल्या बायकांत त्या होत्या. मग नोकरी केली ती जाहिरात कंपनीत, नऊ वर्षं.

आणि आणखी एक गोष्ट. लग्नावर विश्वास नाही म्हणणारा एक लेखक त्यांच्याही आयुष्यात येऊन गेला. पुढं त्यानं दुसऱ्या बाईशी लग्न केलं. नंतर एका दुसऱ्याच माणसापासून त्यांना १९२४ साली मुलगा झाला, लग्नावाचून. त्यांनी तो मावसबहिणीकडं वाढवायला दिला, पैसे पाठवत राहिल्या, पण उघड आई म्हणवून घेता आलं नाही. १९५७ साली त्या गेल्या, त्यानंतर जगाला हे कळलं. येशूवर श्रुतिका लिहिणाऱ्या बाईचं हे गुपित! कुणी म्हणेल, ढोंगी. मला तसं वाटत नाही. स्वतः पिंजऱ्यात उभं राहायची भीती जिनं वर्षानुवर्षं सोसली, तिलाच हॅरिएट लिहिता आली.

गुन्हेगार सापडल्यावर

चौथी कादंबरी 'बसमन्स हनीमून', १९३७ची. बाई स्वतःच तिला गुप्तहेरगिरीनं व्यत्यय आणलेली प्रेमकथा म्हणतात. नवं जोडपं खेड्यातल्या जुन्या घरात मधुचंद्राला जातं आणि तळघरात सापडतं प्रेत! तपास होतो, खुनी पकडला जातो. अर्नाळकर असते तर इथं पुस्तक संपलं असतं.

पण इथून पुढं काही पानं आहेत. आपण पकडलेल्या माणसासाठी पीटरच चांगल्यात चांगला वकील देतो. तरीही फाशीच होते. पीटर तुरुंगात त्याला भेटायला जातो. क्षमा मागायला! आणि फाशीच्या पहाटे हा हसरा, हुशार माणूस बायकोच्या कुशीत शिरून लहान मुलासारखा रडतो. हॅरिएट त्याला घट्ट धरून बसते. कोण कुणाचा देणेकरी, हा हिशेब तिथं संपतो.

खुनी खराच खुनी होता. तरीही पकडणाऱ्याला झोप नाही. आणि आम्ही? आम्ही निर्दोष बाईला घालवलं आणि चहा मागवला.

वाचायचं असेल तर

कुणाला ही पुस्तकं वाचायची असतील, तर क्रम हा ठेवा: 'स्ट्राँग पॉयझन', 'हॅव हिज कार्कस' (१९३२), 'गॉडी नाइट', 'बसमन्स हनीमून'. इंग्रजी थोडं जड आहे. मधेच लॅटिन-फ्रेंच वाक्यं येतात, ती खुशाल सोडून द्या, अडत नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पात्रांची नावं आणि नाती लिहून ते पुस्तकात घालून ठेवते. 'गॉडी नाइट'मध्ये प्राध्यापिकाच इतक्या आहेत, की त्याशिवाय गोंधळ होतो. सुरुवातीला अवघड वाटलं तर आधी फादर ब्राउनच्या कथा घ्या. छोट्या आहेत, भाजी शिजेपर्यंत एक संपते.

आणि मावशी

पुस्तक वाचून माझ्या मनाला टोचणी लागली. पहिला विचार आला, मावशीला एक चांगलं लुगडं घेऊन जावं. पिशवीत घातलंसुद्धा. मग हॅरिएट आठवली. लुगडं दिलं तर मी उपकार करणारी आणि ती घेणारी. तिचं नाव तसंच राहील. लुगडं परत कपाटात ठेवलं.

महिन्याच्या सभेत मी उभी राहिले. पाय कापत होते, खोटं कशाला सांगू? म्हटलं, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशी पंपावर होती, मी स्वतः पाहिलं होतं, आणि मी तेव्हा बोलले नाही, ही माझी चूक. पैसे आपल्याच कपाटात सापडले. मावशीचा काही दोष नव्हता, एवढं सभेच्या इतिवृत्तात लिहिलं जावं. कुणी म्हणालं, "अहो बाई, जुनं कशाला उकरता?" कुणी खिडकीबाहेर बघत राहिलं. बराच वेळ गेला. मग आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाई, ज्या कधीच काही बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "लिहा की. खरंच आहे ते." आणि लिहिलं गेलं. चार ओळी.

पुढच्या वर्षी मला तासिका मिळतील की नाही, ठाऊक नाही. घरी ह्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग आज जेवण बरं गेलं असेल." खरंच गेलं.

त्या चार ओळी उतरवून घेतल्या, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि रविवारी जुन्या वस्तीत गेले. मावशीनं बाज टाकली, पाणी दिलं. मी माझी चूक सांगितली. तिनं "जाऊ द्या" म्हटलं नाही, आणि म्हणू नये असंच मला वाटत होतं. कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि मुलीला हाक मारली. सातवीतली पोरगी. तिनं वाचायला सुरुवात केली तशी मावशी उठली. दार अर्धवट लोटलेलं होतं, ते तिनं सताड उघडलं. समोरच्या ओट्यावर चार बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मग मुलीकडं वळून म्हणाली, "पह्यल्यापासून वाच वं. अन् जरा जोरानं वाच."